'लाँग शॉट' म्हणजे नेमकं किती लांब? (इंग्रजीतली लांबी, वेळ आणि आपला वीत-हात)

फौंड्रीवाला_शिरोली

मंडळी, नमस्कार. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिला धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) डिस्पॅचला आहे. शिक्षण मराठी शाळेत, नंतर बी. कॉम. आमचा माल इंग्लंडला जातो, त्यामुळं मेलामेली मलाच करावी लागते. मशीनची नावं, मायक्रॉन, टॉलरन्स याचं काही वाटत नाही. पण तिकडचा खरेदी साहेब मधेच असं काहीतरी लिहितो की शब्द सगळे ओळखीचे आणि अर्थ मात्र डोक्यावरून.

गेल्या महिन्यात त्याचा मेल आला, महिनाअखेरीची डिलिव्हरी म्हणजे 'लाँग शॉट' आहे, तरी बघा. आता आमच्याकडं 'शॉट' म्हटलं की एकच. वाळूतून निघालेलं कास्टिंग शॉट ब्लास्टिंगच्या मशीनमध्ये घालतात, पोलादाचे बारके छर्रे त्यावर मारतात, चिकटलेली वाळू झडून जाते. मी सरळ खाली गेलो आणि ऑपरेटर मामांना म्हणालो, "मामा, साहेब म्हणतोय शॉट जरा लांबवा." मामांनी आठ मिनिटांचं सायकल बारावर नेलं. दोन दिवस चाललं तसंच. तिसऱ्या दिवशी क्वालिटीचा पोरगा विचारायला आला, छर्रे एवढे कुठं संपतायत? मेल दाखवला. तो इतका हसला की खुर्चीवरून पडायचा बाकी.

तर अशा लांबीच्या-वेळेच्या इंग्रजी बोलींची माहिती इथं गोळा करूया का? पोरगी नववीत आहे, तिलाही उपयोग होईल.

खडूफळा

दादा, आधी पोटभर हसून घेतलं, माफ करा. मी वीस वर्षं इंग्रजी शिकवतेय. तुमचा शॉट बंदुकीचा किंवा तोफेचा. लांबून झाडला तर लागेलच असं नाही, म्हणून 'लाँग शॉट' म्हणजे जमण्याची आशा कमी. घोड्यांच्या शर्यतीतही ज्याच्यावर कुणी पैसे लावत नाही त्याला हेच म्हणतात. आपल्याकडं 'लागला तर मटका' म्हणतात तसं, फक्त ते साहेबाला लिहू नका.

माझ्या वर्गातले नमुने: 'बिफोर लाँग' म्हणजे 'लांबीच्या आधी' (खरं म्हणजे लवकरच), 'लाँग फेस' म्हणजे 'उभट चेहरा' (खरं म्हणजे पडलेला चेहरा, तोंड एवढंसं झालं असं आपण म्हणतो. गंमत बघा, दुःखात त्यांचं तोंड लांबतं आणि आपलं आखडतं). 'सो लाँग' म्हणजे 'इतका उशीर'. हा शेवटचा पोरांनी 'निबंधाच्या शेवटी बाई उशीर झाला म्हणून लिहितात' असा समजून घेतला होता. तो निरोप आहे, 'बरं, येतो मग' एवढाच.

'ॲट आर्म्स लेंग्थ' मात्र सोपं. ते माणसाला एका हातावर ठेवतात, आपण चार हात लांब.

हिशेबनीस

'आर्म्स लेंग्थ'वर एक पुरवणी. फौंड्रीवाल्यांना उपयोगी पडेल. आयकरात 'आर्म्स लेंग्थ प्राइस' असते. परदेशातल्या आपल्याच सोबतच्या कंपनीला माल विकताना, परक्या गिऱ्हाइकाला लावली असती तीच किंमत धरायची. पाहुण्याला सूट नाही. बाकी चालू द्या.

रंकाळ्याकाठचा

नाद खुळा धागा! 'स्टोन्स थ्रो', म्हणजे दगड फेकला तर पोचेल एवढं जवळ, याचं कोल्हापुरी भाषांतर माझ्याकडं आहे: "हे काय हितंच." मिरजकर तिकटीला उभं राहून कुठलाही पत्ता विचारा, उत्तर हेच. मग अर्धा तास चाला.

गुरांचा_डॉक्टर

'लाँग इन द टूथ' कुणी घेतलं नाही, म्हणून मी घेतो. माझा रोजचा विषय.

त्याचा अर्थ वय झालेला, उतारवयाला लागलेला. हे आलं घोड्यावरून. घोड्याचं वय वाढतं तशी हिरडी मागं सरकते आणि दात लांब दिसायला लागतात. बाजारात विकणारा काहीही सांगो, घेणारा ओठ वर करून बघतो.

आपल्याकडं हाच धंदा बैलाच्या तोंडात चालतो, पण लांबीवर नाही, संख्येवर. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, नुसती कडक हिरडी. खाली आठ. दुधाचे दात आहेत तोवर तो 'आदत'. मधले दोन पडून मोठे आले की 'दुसा', चार झाले की 'चौसा', मग सहादाती आणि आठही भरले की 'जुळला'. शर्यतीच्या फलकावर आदत-दुसा वेगळे गट बघितले असतील तुम्ही. दोन दात साधारण दोन-अडीच वर्षांत येतात, चार-साडेचारच्या पुढं जुळतो. जुळल्यानंतर पुढचं वय नुसतं झिजेवरून अंदाजानं सांगायचं. म्हणून बाजारात म्हातारा बैल नेहमी 'नुकताच जुळलाय साहेब' असतो.

गेल्या आठवड्यात एकानं असाच नुकता जुळलेला दाखवायला आणला. अंगठा गालाच्या आत घालून जबडा उघडला तर दात झिजून खुंट झालेले, मधे बोट जाईल एवढी फट. मी मालकाकडं बघितलं, मालक बैलाकडं, बैल लांब कुठंतरी. 'लाँग इन द टूथ'ला मी मराठीत 'जुळून जमाना झालेला' म्हणेन.

लीड्सकर_पण_पेठेतला

इथं इंग्लंडात बसून वाचतोय आणि गाव आठवतंय. तीन बोली माझ्याकडून घ्या.

'डाँकीज इयर्स' म्हणजे युगं लोटली. मुळात गाढवाचे कान म्हणायचे. कान आणि वर्षं हे दोन शब्द त्यांच्या तोंडात जवळजवळ सारखेच वाजतात, आणि गाढवाचे कान लांब. एवढ्यावरच विनोद जमला आणि रुजला. माझा शेजारी 'डाँकीज'वरच थांबतो, पुढचं तुम्ही समजून घ्यायचं.

'अ मंथ ऑफ संडेज' म्हणजे तीस-एकतीस रविवार, झाले सात महिने. पण अर्थ 'कधी संपतच नाही असा काळ'. पूर्वी इथं रविवारी खेळ बंद, दुकानं बंद, नुसतं चर्च. आपल्याला रविवार म्हणजे मटण आणि झोप, त्यामुळं हा शब्दप्रयोग कोल्हापुरात उलटाच पडेल. महिनाभर रविवार म्हटलं तर लोक पेढे वाटतील.

तिसरी 'टिल द काउज कम होम'. गाई घरी येईपर्यंत भांडत बसा, तरी निकाल लागणार नाही. इथल्या गाई कुरणात मोकळ्या, त्यांच्या मर्जीनं रमतगमत येणार, म्हणून अर्थ 'अनंतकाळ'. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं संध्याकाळपर्यंत! कारण आपल्याकडं गाई घरी येण्यावर लग्नं लागतात. गोरज मुहूर्त म्हणजे काय तर गुरं परतताना उडालेल्या धुळीची वेळ. तीच गाय, तोच रस्ता. त्यांच्याकडं ती वेळेचा पत्ता नसल्याची खूण आणि आपल्याकडं पत्रिकेत छापायची वेळ.

रंकाळ्याकाठचा

गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हशी येतात त्यावर आमचा आजा घड्याळ लावायचा. 'टिल द म्हशी कम टू कट्टा' म्हणजे एकदम पक्की वेळ.

मोजणीदार_निवृत्त

मुलांनो, चर्चा गोड चालली आहे. मी भूमापन खात्यात साखळी ओढण्यात उभा जन्म काढला, तेव्हा चार शब्द माझेही.

इंग्रजीत म्हण आहे, इंच दिला तर मैल घेतो. आपलं 'बोट दिलं तर मनगट धरतो'. पण मूळ म्हणीत मैल नव्हता. १५४६ साली छापलेल्या म्हणींच्या संग्रहात 'इंच' आणि 'एल' असं आहे. एल हे कापडाचं माप, इंग्लंडात पंचेचाळीस इंच, म्हणजे बरोबर सव्वा वार. त्यांच्या 'एल्बो'मध्ये, कोपरात, हाच एल दडलेला आहे. म्हणजे मूळ शब्द हाताचाच, आपल्या 'हाता'सारखा. कापडाच्या दुकानात इंचभर जास्त मागणाऱ्याला सव्वा वार हवा असायचा, एवढी ती साधी म्हण. पुढं लोकांना सव्वा वार छोटा वाटायला लागला आणि मैल आला.

आता इंच कशाचा? जुन्या इंग्रजी कोष्टकात जवाचे तीन दाणे लांबीला लांबी लावून ठेवले की एक इंच. आणि आपल्या जुन्या कोष्टकात आठ जव आडवे, पोटाला पोट लावून, म्हणजे एक अंगुळ. बारा अंगुळांची वीत, चोवीस अंगुळांचा हात. दोन्हीकडं जवच. त्यांनी उभा धरला, आपण आडवा.

हा जव अजून मेलेला नाही. चप्पल लाईनला जाऊन सात नंबर मागा, मग आठ मागा. दोन नंबरांत फरक एक तृतीयांश इंचाचा, म्हणजे एका जवाचा. आपण बुटांचे नंबर इंग्रजांचे उचलले, त्यात तो जव आला. कोल्हापुरी पायताण घालणारा प्रत्येक माणूस इंग्लंडचा जव पायाखाली घेऊन चालतोय.

'फर्लांग' तर आपण मराठीच करून टाकला. तो 'फरो लाँग', नांगराच्या एका तासाची (म्हणजे सरीची, घड्याळातला तास नव्हे) लांबी. दोनशे वीस वार. आठ फर्लांग म्हणजे मैल. फर्लांगाचा दहावा भाग म्हणजे गुंटर नावाच्या इंग्रजानं १६२० च्या सुमारास आणलेली साखळी, सहासष्ट फूट. बावीस वार. क्रिकेटची खेळपट्टी तेवढीच आहे, तो योगायोग नाही. त्या साखळीची निम्मी म्हणजे तेहतीस फूट, आणि तेहतीस बाय तेहतीस म्हणजे आपला गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. ज्या गुंठ्यावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात, तो इंग्रजी बैलाच्या नांगराशी असा बांधलेला आहे.

वाटसरू_७७

'द होल नाइन यार्ड्स' राहिलं, म्हणजे सगळंच्या सगळं! हे आपल्या नऊवारीवरून इंग्रजीत गेलं. व्हॉट्सॲपवर वाचलंय. वार म्हणजे यार्ड, नऊवार म्हणजे नाइन यार्ड्स. जय महाराष्ट्र.

लीड्सकर_पण_पेठेतला

भावा, मलाही आवडलं असतं. पण नाही. कुणी म्हणतं विमानातल्या मशीनगनच्या पट्ट्याची लांबी, कुणी म्हणतं काँक्रीटच्या गाडीचं माप, नक्की मूळ कुणालाच सापडलेलं नाही. सापडलंय ते एवढंच की हा शब्दप्रयोग अमेरिकेचा, आणि तिथल्या जुन्या वर्तमानपत्रांत, १९१२ च्या आसपास, तो 'होल सिक्स यार्ड्स' असा आहे.

खडूफळा

म्हणजे त्यांच्याकडं आधी सहावार होती आणि मग नऊवार झाली? आमच्याकडं उलटं झालं हो. आजी नऊवार, आई सहावार, मी पंजाबी ड्रेस, लेक जीन्स.

वाटसरू_७७

ग्रुपवर फॉरवर्ड केलेलं मागं घेतो. सतरा जणांनी अंगठा दाखवलाय तोवर.

फौंड्रीवाला_शिरोली

धागा भारी रंगला, सगळ्यांचे आभार. आता माझी खरी अडचण. साहेबाचा नवा मेल, तीन तारखेचा. नमुन्याची कास्टिंगं 'विदिन अ फोर्टनाइट' विमानानं निघाली पाहिजेत. आमच्या मॅनेजरनी फळ्यावर 'पंधरा दिवस, १८ तारीख' लिहिलं. क्वालिटीचा पोरगा म्हणतो १७. दोघांत जुंपलीय. नेमकं कोण बरोबर?

खडूफळा

पोरगा. 'फोर्टनाइट' म्हणजे 'फोर्टीन नाइट्स', चौदा रात्री. पूर्वी सात रात्रींना 'सेनाइट'ही म्हणायचे. ते रात्री मोजतात. आपण दिवस मोजतो, आणि आजचा दिवस धरून मोजतो. म्हणून सात दिवसांच्या गोष्टीला आपण 'आठवडा' म्हणतो. या सोमवारपासून त्या सोमवारपर्यंत बोटं मोजा, आठ भरतात. 'आठ दिवसांनी ये' म्हणजे त्याच वारी ये. तसाच पंधरवडा, चौदा दिवसांचाच, पण दोन्ही टोकं धरून पंधरा. फ्रेंच लोकही आठ दिवस आणि पंधरा दिवसच म्हणतात, आपण एकटे नाही.

तुमच्या मॅनेजरांनी 'पंधरा' हा शब्द आपला घेतला आणि मोजलं मात्र इंग्रजी पद्धतीनं, तीन सोडून. आपल्या पद्धतीनं तीन धरून मोजलं असतं तरी सतराच आली असती. १७ लिहा फळ्यावर, ताबडतोब.

फौंड्रीवाला_शिरोली

लिहिलं. ताई, तुम्ही नसता तर मेलो असतो.

कट्टेकरी

माहितीपूर्ण आहे, पण धाग्याचं पार गुऱ्हाळ झालं राव. नमनालाच घडाभर तेल.

चुलवाणावरचा

कट्टेकरी दादा, माझा आक्षेप नोंदवा. लांबलेल्या बडबडीला 'चर्चेचं गुऱ्हाळ' म्हणायची पद्धत ज्यानं पाडली त्यानं गुऱ्हाळ लांबूनच बघितलं असणार. आमची तिसरी पिढी काहिलीवर (रस आटवायच्या मोठ्या कढईवर) आहे, करवीर तालुक्यातच.

चरक सकाळपासून रात्रीपर्यंत करकरतो, ते खरं. बाहेरच्याला तेवढंच ऐकू येतं. पण काहिलीजवळ येऊन उभं राहा. रस तापला की भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी घालतात, मळी वर येते, ती झाऱ्यानं काढत राहायची. मग उकळी बदलते. आधी पातळ फेस, मग मोठे बुडबुडे, मग बुडबुडा फुटताना जड आवाज येतो. गुळव्या पाण्याच्या भांड्यात काकवीचा थेंब टाकतो आणि बोटांनी वळतो. विरघळला तर अजून हवा. गोळी झाली, भांड्याच्या काठावर टणकन वाजली, की ओरडतो. त्या ओरडण्यावर चार माणसं काहील उचलून वाफ्यात रिकामी करतात. त्यानंतर पाऊण मिनिट जास्त गेलं तर रंग काळा, कडवट वास, बाजारात भाव पडला. आधी काढली तर गूळ बसतच नाही, पाघळतो.

एवढ्या वेळेच्या पक्क्या कामाचं नाव तुम्ही कंटाळ्याला दिलंय. लांबण लावायची असेल तर चऱ्हाट म्हणा, मारुतीचं शेपूट म्हणा.

कट्टेकरी

शब्द मागे. चऱ्हाट म्हणतो. काकवी मिळेल का?

चुलवाणावरचा

सीझनला या. डबा घेऊन या.

काळा_कोट

लांबलेल्या कामाला अस्सल शब्द 'भिजत घोंगडं'. ज्यानं एकदा पावसात घोंगडं भिजवलंय त्यालाच कळेल. पिळता येत नाही, उचलवत नाही, वाळता वाळत नाही. इंग्रजीत 'लाँग-ड्रॉन-आउट' म्हणतात, पण त्यात ते वजन नाही आणि ओल्या लोकरीचा वास तर नाहीच.

आम्हा वकिलांचं घोंगडं म्हणजे उच्च न्यायालयाचं खंडपीठ. चार दशकांवर मागणी, मोर्चे, कामबंद. माझे सीनियर सांगायचे, 'बिफोर लाँग' होईल. ते 'लाँग' किती लांब ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. १८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापुरात सर्किट बेंचचं काम सुरू झालं तेव्हा आमच्या बारमधले अर्धे लोक 'जुळून जमाना झालेले' होते, वरच्या डॉक्टरांच्या भाषेत.

रंकाळ्याकाठचा

'इलेव्हन्थ अवर' म्हणजे रात्री अकराला का? आमचा प्रोजेक्ट कायम तेव्हाच होतो.

खडूफळा

नाही रे बाळा. अर्थ अगदी शेवटच्या क्षणी. बायबलमधली गोष्ट आहे. द्राक्षमळ्याचा मालक दिवसभर थोडे थोडे मजूर कामावर घेतो, शेवटचे अकराव्या तासाला. तास सूर्योदयापासून मोजायचे, बारा तासांचा दिवस. म्हणजे अकरावा तास संध्याकाळी पाचच्या सुमाराला, सूर्य बुडायला तासभर असताना. आणि मजुरी देतो सगळ्यांना सारखी. सकाळपासून राबलेले भडकतात. ऊसतोडीच्या फडात मुकादमानं असं केलं तर काय होईल, बघ कल्पना करून.

मोजणीदार_निवृत्त

खडूफळा बाई, आपल्याकडचा अकरावा तास म्हणजे 'घटका भरली'. पूर्वी पाण्याच्या मोठ्या भांड्यात तळाला बारीक भोक पाडलेली वाटी सोडायचे. पाणी आत शिरत शिरत वाटी भरून बुडाली की एक घटका, चोवीस मिनिटं. वाटी बुडाली, की टोला द्यायचा. आज माणसाची 'घटका भरली' म्हणतो तेव्हा ती बुडणारी वाटी आपल्या डोळ्यांसमोर नसते, पण शब्दात आहे.

आणि 'औटघटकेचं राज्य'. औट म्हणजे साडेतीन. हा आकडा आपल्या तोंडून गेला, एवढ्या एका शब्दात राहिला. साडेतीन घटका म्हणजे चौऱ्याऐंशी मिनिटं, सिनेमासुद्धा त्याहून मोठा. पण कोल्हापूरकराला साडेतीन परका नाही. अंबाबाई साडेतीन पीठांतली, मुहूर्त साडेतीन, आणि माणसाचा देह ज्याच्या त्याच्या हातानं साडेतीन हात. मोजून बघा, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत.

गुरांचा_डॉक्टर

काका, टेप घेऊन मोजलं. उंची पाच फूट सात इंच, हात एकोणीस इंच. साडेतीन हात आणि अर्धा इंच वर. खरंय की हो.

रंकाळ्याकाठचा

माझा तीन हात तीन बोटं आला. पुन्हा मोजतो.

फौंड्रीवाला_शिरोली

अपडेट देतो. नमुने १६ च्या रात्री निघाले, कागदपत्रं १७ ला सकाळी साहेबाच्या मेलमध्ये. त्याचं उत्तर आलं: 'इन द निक ऑफ टाइम'. मी यावेळी खाली पळालो नाही. आधी पोरीला विचारलं. तिनं डिक्शनरी काढली. निक म्हणजे खाच. काठीवर खुणेची खाच पाडतात ना, बरोब्बर त्या खाचेवर आलात, एक रेघ इकडं नाही की तिकडं नाही.

मामांना सांगितलं, माल खाचेवर पोचला म्हणून. मामा म्हणाले, "कुठल्या कास्टिंगला खाच पडली? मला आधी का नाही दाखवलं?"